जे-१, वेव्हर आणि ग्रीन कार्ड: भारतीय डॉक्टरला अमेरिकेत कायमचं राहायला इतकी वर्षं का लागतात?

१९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी एक घोषणापत्र काढलं. एच-१बी म्हणजे तिथल्या नोकरीचा व्हिसा; त्याच्या नव्या अर्जामागे एक लाख डॉलर भरायचे. त्या वेळच्या दराने ८८ लाख रुपयांच्या आसपास. आपल्याकडे चर्चा झाली ती बहुतेक आयटीवाल्यांची. पण ज्या घरातली मुलगी किंवा मुलगा एमबीबीएस करून तिकडे रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं तज्ज्ञ होण्याचं प्रशिक्षण, करतोय, त्या घरांचीही झोप उडाली होती. त्याच वर्षी मे महिन्याच्या शेवटी व्हिसा मुलाखतींच्या नव्या वेळा देणं तीन आठवडे थांबलं होतं. १ जुलैला हॉस्पिटलात रुजू व्हायचं होतं आणि मुलाखतीचीच तारीख मिळत नव्हती, अशी अनेक नवीन डॉक्टरांची गत झाली.

अशा बातम्या आल्या की एक प्रश्न हमखास विचारला जातो. अमेरिकेत डॉक्टर कमी आहेत, तिथल्या साधारण चारपैकी एका डॉक्टरचं वैद्यकीय शिक्षण परदेशात झालेलं आहे, त्यांत भारतातून शिकून आलेले सर्वांत जास्त. मग या लोकांना कायमचं राहू द्यायला एवढी खळखळ का?

उत्तर लांब आहे, पण अवघड नाही. एक गोष्ट आधी पक्की धरा: डॉक्टरकी करण्याचा परवाना आणि देशात राहण्याचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या देणारे हातही वेगळे आहेत. पहिला परवाना राज्याचं मेडिकल बोर्ड देतं, दुसरा केंद्र सरकार. एकाने दिला म्हणून दुसरा देईलच असं नाही. आणि दुसऱ्या रस्त्याची दिशा पहिल्या रस्त्याच्या अगदी सुरुवातीला ठरते, जेव्हा आपली मुलं फक्त परीक्षेच्या मार्कांचा विचार करत असतात.

## आधी रेसिडेन्सी, मग बाकी सगळं

भारतातली एमबीबीएस डिग्री घेऊन अमेरिकेत थेट प्रॅक्टिस करता येत नाही. यूएसएमएलई नावाच्या परीक्षेचे टप्पे पार करायचे, इंग्रजीची परीक्षा द्यायची आणि ईसीएफएमजी या संस्थेचं प्रमाणपत्र मिळवायचं. मग सप्टेंबरात अर्ज, हिवाळ्यात मुलाखती, आणि मार्चमध्ये 'मॅच', म्हणजे कोणत्या उमेदवाराला कोणतं हॉस्पिटल याचा देशभराचा एकत्रित निकाल. परदेशी नागरिक असलेल्या आणि परदेशात शिकलेल्या दहा उमेदवारांपैकी साधारण सहांनाच जागा मिळते. मेडिसिन किंवा फॅमिली मेडिसिनची रेसिडेन्सी तीन वर्षांची, जनरल सर्जरीची पाच.

इथे अनुभवी डॉक्टरांना फार वाईट वाटतं आणि ते साहजिक आहे. पुण्या-मुंबईत एमडी, एमएस करून दहा वर्षं ऑपरेशनं केलेल्या सर्जनलाही बहुतेक राज्यांत पुन्हा रेसिडेन्सी करावी लागते. अलीकडे काही राज्यांनी यात बदल सुरू केला आहे. टेनेसीने २०२३ साली कायदा करून अनुभवी परदेशी डॉक्टरांना पुन्हा रेसिडेन्सी न करता तात्पुरता परवाना देण्याची वाट उघडली आणि मागोमाग इतर काही राज्यंही निघाली. बातमी चांगली आहे. मात्र राज्याचा परवाना मिळाला म्हणजे व्हिसा मिळाला असं नाही. तो वेगळाच उभा करावा लागतो.

## दोन व्हिसा, दोन वाटा

रेसिडेन्सीसाठी मुख्यतः दोन व्हिसा वापरले जातात.

पहिला जे-१. हा 'देवाणघेवाणी'चा व्हिसा: या, शिका, परत जा आणि शिकलेलं मायदेशी वापरा. डॉक्टरांसाठी तो हॉस्पिटल नाही, ईसीएफएमजी पुरस्कृत करते. हॉस्पिटलला कटकट कमी आणि खर्चही कमी, म्हणून बहुतेक प्रोग्रॅम हाच देतात. जोडीदाराला कामाची परवानगी काढता येते. डॉक्टरला मात्र प्रशिक्षणाबाहेर एकही जादा शिफ्ट करून कमाई करता येत नाही.

दुसरा एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा. त्यासाठी यूएसएमएलईची तिसरी पायरी रेसिडेन्सीच्या आधीच पास असावी लागते, आणि हॉस्पिटलला स्वतः अर्ज करून पैसे भरावे लागतात. तो देणारे प्रोग्रॅम थोडे. शिवाय त्याची कमाल मुदत सहा वर्षं. तीन वर्षं रेसिडेन्सी आणि तीन वर्षं फेलोशिप, म्हणजे त्यापुढचं खास शाखेचं प्रशिक्षण, केलं की सहा संपली. तोवर ग्रीन कार्डची, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या परवान्याची, प्रक्रिया सुरू झालेली नसेल तर अडचण उभी राहते.

वरवर दोन्ही सारखेच वाटतात. हॉस्पिटल तेच, पगार तोच, नाइट ड्यूटी तीच. फरक पासपोर्टात दिसतो. जे-१ घेतलेल्या डॉक्टरच्या व्हिसाच्या पानावर, फोटोशेजारी, बारीक कॅपिटल अक्षरांत लिहिलेलं असतं की धारकाला कलम २१२-ई लागू आहे, 'टू इयर रूल डझ अप्लाय'. पुढचा सगळा रस्ता या एका ओळीवरून ठरतो.

त्या ओळीचा अर्थ असा: प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहिल्याशिवाय तुम्हाला एच-१बी मिळणार नाही आणि ग्रीन कार्डही नाही. व्हिसावर सोबत आलेल्या नवऱ्याला किंवा बायकोला आणि मुलांनाही हा नियम लागतो. दोन वर्षं सलग असायला हवीत असं नाही, बेरीज चालते.

## हा नियम आला कुठून?

१९६५ च्या कायद्याने अमेरिकेने आशियातल्या शिकलेल्या लोकांना दार उघडलं. व्हिएतनाम युद्धाचा काळ होता, डॉक्टर कमी पडत होते. मुंबईच्या केईएम-ग्रँटमधून, पुण्याच्या बी. जे. मधून, नागपूरच्या मेडिकलमधून त्या काळात जी पिढी गेली, तिला कायमच्या वास्तव्याचा परवाना आजच्या मानाने फार सहज मिळाला. ते लोक तिथे स्थिरावले, त्यांनी मंडळं उभी केली, गावोगावी दवाखाने चालवले.

मग १९७६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून जाहीर केलं की आता देशात डॉक्टरांची टंचाई उरलेली नाही. १० जानेवारी १९७७ पासून परदेशी डॉक्टरांचे नियम कडक झाले. रेसिडेन्सीसाठी जे-१ वर येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला दोन वर्षं परत जाण्याची अट बंधनकारक झाली. 'टंचाई नाही' हे विधान त्या वेळीही लहान गावांच्या बाबतीत खरं नव्हतं आणि आज तर अजिबात नाही. पण कायदा तसाच राहिला.

म्हणून एक विनंती. त्या आधीच्या पिढीतले काका-मावशी मनापासून सल्ला देतात, तो आदराने ऐका. इमिग्रेशनबद्दलचा भाग मात्र आजच्या नियमांवर तपासून घ्या. त्यांचा रस्ता आता बंद झाला आहे.

## भारत सरकारचं ना-हरकत पत्र आणलं की सुटका?

हा सर्वांत जास्त पसरलेला गैरसमज. इंजिनिअर किंवा संशोधक जे-१ वर गेला असेल तर मायदेशाच्या ना-हरकत पत्रावर ही अट माफ होऊ शकते. रेसिडेन्सीसाठी गेलेल्या डॉक्टरला अमेरिकी कायदाच तो मार्ग देत नाही. आणि आपल्या सरकारनेही २०११ पासून डॉक्टरांना असं पत्र देणं बंद केलं आहे.

उलट, जे-१ मिळण्यासाठी डॉक्टरला भारताच्या आरोग्य मंत्रालयाचं एक पत्र लागतं. त्यात म्हटलेलं असतं की या विषयातल्या डॉक्टरांची आमच्या देशाला गरज आहे, आणि प्रशिक्षण संपवून परत येण्याची लेखी हमी या डॉक्टरने दिली आहे. पंचविशीतली मुलं घाईघाईत त्यावर सही करतात. त्यांनी ते एकदा शांतपणे वाचावं असं मला फार वाटतं, कारण पुढच्या बऱ्याच निर्णयांचा भार त्या सहीवर आहे.

## कॉनराड-३०: अमेरिकेतली बाँड सेवा

आता मुख्य वाट. दोन वर्षांची अट माफ करून घेणं याला 'वेव्हर' म्हणतात. मायदेशी वंश, धर्म किंवा राजकीय मतावरून छळ होण्याची भीती किंवा अमेरिकी नागरिक असलेल्या जोडीदाराची, मुलाची असाधारण ओढाताण अशा कारणांवरही तो मिळू शकतो, पण बहुसंख्य डॉक्टर जातात ते कामाच्या बदल्यातल्या वेव्हरकडे.

नॉर्थ डकोटा हे कॅनडाच्या सीमेला लागून असलेलं, कडाक्याच्या थंडीचं, विरळ वस्तीचं राज्य. तिथले सिनेटर केंट कॉनराड यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये एक योजना आली. कल्पना अशी: डॉक्टर आमच्याकडेच शिकून तयार झाला आहे, आमच्या गावाला डॉक्टर हवा आहे, मग त्याला परत पाठवण्यापेक्षा गावातच का ठेवू नये? प्रत्येक राज्याला वर्षाला २० वेव्हर मिळाले, २००२ मध्ये ते ३० झाले. म्हणून नाव कॉनराड-३०.

महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून शिकलेल्या डॉक्टरला बाँडची सेवा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. हे बरंचसं तसंच आहे. डॉक्टर कमी आहेत असं सरकारने जाहीर केलेल्या भागात तीन वर्षं पूर्णवेळ, आठवड्याला किमान ४० तास काम करायचं. वेव्हर मिळाल्यापासून ९० दिवसांत रुजू व्हायचं. हे सगळं एच-१बी व्हिसावर. एच-१बीला देशभराची वार्षिक मर्यादा आणि लॉटरी असते, तिच्यातून या डॉक्टरांना सूट आहे, आणि ही सूट फार मोलाची आहे. आपल्या बाँडशी मोठा फरक एकच: पैसे भरून यातून बाहेर पडता येत नाही. तीन वर्षं पूर्ण होण्याआधी, सरकारला पटेल अशा कारणाशिवाय नोकरी सोडली तर दोन वर्षांची अट पुन्हा मानगुटीवर बसते.

प्रत्यक्षात हे कसं घडतं? रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षातच नोकरीचा शोध सुरू करावा लागतो. अमेरिकी सरकारचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, बरीच राज्यं त्याच सुमारास अर्ज घेतात. टेक्सससारख्या, सगळ्यांना हव्याशा वाटणाऱ्या राज्यातल्या ३० जागांसाठी चढाओढ असते, तर काही राज्यांत जागा उरतात. फाइल आधी राज्याच्या आरोग्य विभागाकडे, मग वॉशिंग्टनला परराष्ट्र खात्याकडे, मग इमिग्रेशन खात्याकडे, आणि त्यानंतर एच-१बीचा अर्ज. तीन टेबलांवरून फिरून हे सगळं जून संपायच्या आत हातात यायला हवं, कारण ३० जूनला रेसिडेन्सी संपते.

कॉनराडखेरीज इतरही दारं आहेत: केंद्रीय आरोग्य खातं, माजी सैनिकांची रुग्णालयं, ॲपलेशिया आणि मिसिसिपीच्या त्रिभुज प्रदेशासाठीची विकास मंडळं. ज्यांना राज्याच्या तीसमध्ये जागा मिळत नाही त्यांनी ही दारं ठोठावून पाहावीत.

एक कडू बाजूही सांगायला हवी. तीन वर्षं बांधलेला डॉक्टर मालकाशी बरोबरीने घासाघीस करू शकत नाही. जास्त रुग्ण, जास्त कॉल, कमी पगार हे सोसणारे आहेत. अनेक राज्यं करारात 'नोकरी सोडल्यावर जवळपास प्रॅक्टिस करायची नाही' हे कलम चालवून घेत नाहीत, तरी मसुद्यात ते सापडतं. करार इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. आणि ही योजना कायमची नाही हेही लक्षात असू द्या. काँग्रेस तिला थोडी थोडी मुदतवाढ देत आली आहे.

## तीन वर्षं झाली. आता ग्रीन कार्ड?

घरच्यांना वाटतं, तीन वर्षं खेड्यात काढली की कार्ड येईल. तसं नाही. वेव्हरची सेवा संपली म्हणजे फक्त ग्रीन कार्डच्या वाटेतली एक आडकाठी दूर झाली. रांग वेगळीच आहे.

गणपतीला मुंबईहून कोकणात सुटणारी गाडी डोळ्यांसमोर आणा. शंभर जागा. नियम असा की एका गावाला सातच. ज्या गावाचे तिघे आलेत ते लगेच बसतात. ज्या गावाचे पाचशे लोक उभे आहेत त्यांच्यातलेही सातच चढतात. गाडी वर्षातून एकदा. सगळी गावं बसून जागा उरल्या तर त्या मोठ्या गावातल्या सर्वांत आधीपासून उभ्या असलेल्यांना मिळतात.

१९९० च्या कायद्यापासून अमेरिका नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डं देते, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण ७ टक्के. डॉक्टर बहुतेक ज्या गटात मोडतात तो ईबी-२, उच्चशिक्षितांचा. त्याच्या वाट्याला सुमारे ४०,००० येतात. त्यातले सात टक्के म्हणजे भारतासाठी जेमतेम २,८००, अधिक उरलेसुरले. या आकड्यात कुटुंबही धरलेलं आहे. डॉक्टर, बायको आणि भारतात जन्मलेलं एक मूल म्हणजे तीन जागा गेल्या. रांगेत डॉक्टरांच्या पुढे-मागे लाखो इंजिनिअरही उभे आहेत.

परराष्ट्र खातं दर महिन्याला एक तक्ता काढतं, त्याला 'व्हिसा बुलेटिन' म्हणतात. आडव्या ओळींत गट, उभ्या रकान्यांत देश, आणि चौकटीत एक तारीख. तुमचा अर्ज त्या तारखेच्या आधीचा असेल तर तुमचा नंबर आला. ईबी-२ च्या ओळीत भारताच्या रकान्यात ऑक्टोबर २०२४ ला तारीख होती १५ जुलै २०१२. पुढच्या ऑक्टोबरला ती १ एप्रिल २०१३ झाली. वर्षभरात रांग साडेआठ महिने सरकली, आणि त्या वेळीही नंबर लागत होता तो बारा वर्षांपूर्वी अर्ज लागलेल्यांचा. हा वेग पुढे असाच राहील असं मुळीच धरू नका. ही तारीख काही वेळा मागेही जाते.

इथे जन्मदेश मोजतात, नागरिकत्व नाही. भारतात जन्मून नंतर कॅनडाचा पासपोर्ट घेतला तरी रांग भारताचीच. पण जोडीदाराचा जन्म दुसऱ्या देशात झाला असेल तर त्या देशाच्या खात्यात दोघांना मोजता येतं. दुबईत, मस्कतमध्ये जन्मलेली मराठी मुलं-मुली आता डॉक्टरांच्या घरात जोडीदार म्हणून येताहेत. अशा घरात रांग जवळजवळ नाहीशी होऊ शकते, आणि बऱ्याच जणांना हे ठाऊकच नसतं.

## डॉक्टरांसाठी वेगळं दार नाही का?

आहे, पण ते रांगेच्या पलीकडे उघडत नाही. १९९९ च्या कायद्याने डॉक्टरांना 'राष्ट्रीय हित' या सदराखाली सवलत दिली. टंचाईच्या भागात किंवा माजी सैनिकांच्या रुग्णालयात एकूण पाच वर्षं काम केलं तर 'ही नोकरी करायला अमेरिकी माणूस मिळाला नाही' हे सिद्ध करण्याची लांबलचक प्रक्रिया टळते. कॉनराडची तीन वर्षं या पाचांत धरली जातात. अर्ज डॉक्टर स्वतःही करू शकतो. पण गट ईबी-२ च, त्यामुळे भारतीयाचा नंबर त्याच रकान्यात.

तरीही हा अर्ज लवकर करण्यात मोठा फायदा आहे. अर्ज लागतो त्या दिवशी तुमची तारीख पक्की होते. तो मंजूर झाला की पुढे नोकरी बदलली, शहर बदललं तरी तारीख तुमच्याच नावावर राहते. शिवाय सहा वर्षं संपल्यावरही एच-१बी तीन-तीन वर्षांनी वाढवता येतो आणि जोडीदाराला कामाची परवानगी मिळते. ज्यांनी सेवेच्या पहिल्याच वर्षी तारीख पकडली आणि ज्यांनी 'आधी तीन वर्षं होऊ दे' म्हणून थांबवलं, त्यांच्यात पुढे अनेक वर्षांचं अंतर पडू शकतं.

संशोधनात नाव कमावलेल्यांसाठी ईबी-१ हा वरचा गट आहे. तिथली भारताची रांग बरीच लहान आहे. मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या, शोधनिबंध लिहिणाऱ्या डॉक्टरांनी तिकडे जरूर पाहावं.

## काम करता येतंय ना, मग कार्डाची घाई कशाला?

हा प्रश्न चांगली माणसंही विचारतात. पगार आहे, घर आहे, गाडी आहे.

पण एच-१बी नोकरीला बांधलेला आहे. नोकरी गेली तर ६० दिवसांत दुसरी शोधायची किंवा निघायचं. स्वतःचा दवाखाना काढणं अतिशय अवघड. आईला बरं नाही म्हणून सोलापूरला आलं आणि पासपोर्टातल्या व्हिसाची मुदत संपलेली असली, तर परतण्याआधी वकिलातीत मुलाखत. तिची तारीख कधी मिळेल याचा नेम नाही, आणि तिकडे वॉर्डात त्याच्या नावावर लागलेले रुग्ण असतात. सर्वांत भयंकर म्हणजे डॉक्टरच गेला किंवा अंथरुणाला खिळला, तर कुटुंबाचा तिथे राहण्याचा आधार त्याच्या नोकरीसोबत जातो. करोनाच्या साथीत ही भीती घेऊनच असंख्य डॉक्टर अतिदक्षता विभागात उभे होते.

आणि मुलं. भारतात जन्मलेलं मूल चौथ्या वर्षी तिकडे गेलं, तिथेच शाळा, तिथेच मित्र. २१ वर्षं पूर्ण झाली की ते आईबापांच्या अर्जातून बाहेर पडतं. वय मोजताना काही दिवस वजा करून देणारा कायदा आहे, पण एवढ्या लांब रांगेत तो पुरत नाही. मग त्या मुलाने परदेशी विद्यार्थी म्हणून व्हिसा काढायचा किंवा ज्या देशाची त्याला फक्त आठवण आहे तिथे परतायचं. ज्या गावात डॉक्टरने वीस वर्षं लोकांना बरं केलं, त्याच गावातून त्याच्या मुलीला जावं लागणं हे मला उघड अन्यायाचं वाटतं, आणि ते सौम्य शब्दांत लिहावंसं वाटत नाही.

## एक लाख डॉलरची फी यात कुठे बसते?

२० ऑक्टोबर २०२५ ला इमिग्रेशन खात्याने खुलासा केला की अमेरिकेत असतानाच एका व्हिसावरून एच-१बीवर बदल मागणाऱ्यांना ही फी नाही. म्हणजे जे-१ वरची रेसिडेन्सी संपवून कॉनराडच्या नोकरीत जाणारा डॉक्टर बहुधा यातून सुटतो. पण अर्ज प्रलंबित असताना तो देशाबाहेर गेला तर बदलाची ती मागणी सोडून दिली असं धरलं जातं, आणि फीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. त्या काळात भावाच्या लग्नालाही येऊ नका, इतकं स्पष्ट सांगतो.

फटका बसतो तो भारतातून थेट एच-१बीवर रेसिडेन्सीला किंवा नोकरीला जाणाऱ्यांना. एका डॉक्टरमागे एवढी रक्कम लहान गावातलं हॉस्पिटल कुठून देणार? अमेरिकन मेडिकल असोसिएशनसह अनेक संघटनांनी डॉक्टरांना यातून वगळावं अशी मागणी केली. राष्ट्रहितासाठी सूट देण्याची तरतूद घोषणापत्रातच आहे. हे घोषणापत्र मुळात १२ महिन्यांसाठी होतं, त्यामुळे अर्जाच्या वेळी नियम काय आहे ते नव्याने पाहावं लागेल.

## आपल्याच गावांना डॉक्टर नाहीत, त्याचं काय?

ही हरकत खरी आहे आणि ती झटकून टाकता येणार नाही. गडचिरोली, मेळघाटातल्या माणसाला तज्ज्ञ डॉक्टरसाठी किती तास प्रवास करावा लागतो हे आपल्याला माहीत आहे. डॉक्टरने परत येण्याची हमी भारताला दिलेली असते. ती माफ करतं अमेरिकेतलं एखादं राज्य आणि तिथलं केंद्र सरकार. डॉक्टरवर मायदेशी परतण्याचं करारबद्ध बंधन असेल तरच भारत सरकारला विचारलं जातं, एरवी नाही.

माझं मत असं की हा प्रश्न व्हिसाच्या अटीने सुटलेला नाही आणि सुटणारही नाही. जवळजवळ पन्नास वर्षं ती अट आहे, आणि तिने डॉक्टर मेळघाटात आले नाहीत, नेब्रास्कात गेले. इथे पदव्युत्तर जागा, जिल्हा रुग्णालयातली साधनं, सुरक्षितता आणि वेळेवर पगार याकडे पाहावं लागेल. दोन वर्षं भारतात येऊन राहण्याचा कायदेशीर पर्यायही खुला आहे, हे मुलांना कोणी सांगत नाही. ती दोन वर्षं पूर्ण केली की अट कायमची फिटते आणि परत जाण्याची वाटही मोकळी राहते. घरी म्हातारे आईवडील असलेल्या, इथे काम करण्याची ओढ असलेल्या डॉक्टरने हा हिशेब मांडून पाहावा.

## कॅनडा, ब्रिटन बरे नाहीत का?

कॅनडाची रीत उलटी. गुणांच्या पद्धतीने आधी कायमचं वास्तव्य मिळू शकतं, पण रेसिडेन्सीच्या जागा फार थोड्या, म्हणून पीआर (कायमच्या वास्तव्याचा परवाना) घेऊन वर्षानुवर्षं डॉक्टरकीबाहेरचं काम करणारे डॉक्टर टोरांटोच्या आसपास भेटतात. ब्रिटनमध्ये देशनिहाय रांग नाही. पाच वर्षं काम केल्यावर कायम राहण्याचा अर्ज करता येतो अशी व्यवस्था होती. मे २०२५ मध्ये तिथल्या सरकारने हा काळ सर्वसाधारणपणे दहा वर्षं करण्याचा प्रस्ताव मांडला. तिथे जाणाऱ्याने आधी तो निर्णय कुठवर आला ते पाहावं.

## अर्ज करण्याआधी

यूएसएमएलईचा पहिला टप्पा जानेवारी २०२२ पासून नुसता पास-नापास झाला. एच-१बीच्या दृष्टीने खरा निर्णय तिसऱ्या टप्प्याचा: तो मॅचच्या आधी देऊन ठेवला तर ही वाट निदान विचारात राहते. प्रत्येक प्रोग्रॅमला लेखी विचारा की तुम्ही कोणता व्हिसा देता, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत खरोखर कोणाला दिला. पण फक्त जे-१ मिळतोय म्हणून चांगली जागा सोडू नका. हातातली रेसिडेन्सी ही न मिळालेल्या एच-१बीपेक्षा कधीही मोठी.

जे-१ घेतलात तर दरवर्षी मिळणारा डीएस-२०१९ हा फॉर्म जपून ठेवा, सगळ्या वर्षांचे, एकही न हरवता. वेव्हरच्या अर्जात ते सगळे मागतात. नोकरीचा करार येईल तेव्हा ग्रीन कार्डची प्रक्रिया मालक कोणत्या महिन्यात सुरू करणार हे त्यात लिहून घ्या. 'अमेरिकी माणूस मिळाला नाही' हे सिद्ध करण्याच्या प्रक्रियेचा आणि तिच्या वकिलाचा खर्च कायद्याने मालकावरच आहे, तो डॉक्टरकडून वसूल करता येत नाही. राष्ट्रीय हिताच्या सवलतीचा अर्ज मात्र तुमचा स्वतःचा असतो. त्याचे पैसे पहिल्या पगारापासून बाजूला काढायला लागा आणि मालकाची वाट न पाहता तो लावा.